मध न देणाऱ्यांची नावं

सावेडी आता नगर शहराचं उपनगर झालं आहे. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी, भिस्तबागेपर्यंत पसरलेले प्लॉट आणि त्यापलीकडे उरलेले मळे, अशी त्याची आजची हद्द. या हद्दीत मधमाश्या ओळखण्याचं, त्यांची नोंद ठेवण्याचं आणि त्यांना ज्या त्या गटात बसवण्याचं काम करताना लोकांकडून दोनच प्रश्न येतात. पहिला, ही चावते का? दुसरा, हिचा मध निघतो का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं मोहोळ पाहून शेजारच्या इमारतीतल्या माणसाला धास्ती वाटणारच, आणि ज्याला मध ठाऊक आहे त्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. पण या कामात जितकी वर्षं जातात तितकं एक मत पक्कं होत जातं. डंख आणि मध या दोन कसोट्यांवर आपण मधमाश्यांची वर्गवारी केली आणि त्यामुळे शेतीच्या दृष्टीने अत्यंत मोलाच्या माश्या मराठीत बिननावाच्या राहिल्या. त्यांना नावं द्यायची असतील तर पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. ती आपल्या जुन्या नावांतच आहे, फक्त ती मधाच्या पलीकडे न्यायला हवी.

आधी जुनी नावं पाहू. आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी माशी हातात धरून तिचे पाय मोजले नव्हते. त्यांनी तिचं बिऱ्हाड पाहिलं होतं. आग्याचं पोळं एकच असतं, उघड्यावर लटकतं आणि रुंदीला हातभरापासून मीटरपर्यंत जातं. उंच झाड, कडा, पुलाची कमान, पाण्याची टाकी, चौथ्या मजल्याचा सज्जा ही त्याची ठिकाणं. फुलोरीचंही पोळं एकच आणि उघड्यावरच, पण ते तळहाताएवढं असतं आणि कुंपणाच्या झुडपात एखाद्या काटकीला वेढून बांधलेलं असतं. सातेरीला अंधार लागतो. झाडाची ढोली, दगडी भिंतीतली पोकळी, रिकामं वारूळ अशा जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. गोवा आणि कोकणात वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचं नावही सातेरीच आहे. आपल्या जिल्ह्यात सातेरीला मानवतो तो पश्चिमेकडचा अकोले तालुक्याचा डोंगर. सावेडीच्या कोरड्या माळापेक्षा तिला झाडी प्रिय. पोया तर तीन-चार मिलिमीटरची, नांगी असून नसल्यासारखी. तिचा संसार भिंतीच्या फटीत, आणि बाहेर दिसतं ते फक्त डिंक-मेणाचं एक बारीक नळीसारखं तोंड. या चौघींना वेगळं काढायला भिंग लागत नाही. जागा, पोळ्यांची संख्या आणि आकार पुरतो. शास्त्राने पुढे शरीराची चिरफाड करून जी विभागणी केली ती या लोकविभागणीशी बव्हंशी जुळली. याचा अर्थ घरावरून ओळख ही अडाण्याची पद्धत नाही, ती कसाला उतरलेली पद्धत आहे.

फुलोरीचं पोळं जवळून पाहण्यासारखं असतं. काटकीच्या वरच्या बाजूला मधाचा उंचवटा येतो आणि त्याच्यावर माश्यांना बसायला सपाट ओटा तयार होतो. चारा सापडलेली माशी या ओट्यावर नाचते आणि नाचताना थेट चाऱ्याच्या दिशेलाच तोंड करते. पोळ्याच्या दोन्ही अंगांना काटकीवर चिकट डिंकाचे पट्टे लिंपलेले असतात. मुंग्या त्या पट्ट्यापाशी येऊन थबकतात. कुंपणाची मेंदी छाटताना हे पोळं हाती लागलं की लोक ते आग्याचं पिल्लू समजतात आणि पेटता बोळा लावतात. वास्तविक ही आपल्याकडच्या सौम्य मधमाश्यांपैकी एक. ती चवताळून पाठलाग करण्यापेक्षा घर सोडून जाणं पसंत करते. चुकीच्या नावाची किंमत इथे लगेच मोजावी लागते.

घरावरून ओळखण्याची आपली परंपरा किती जुनी आहे याचा एक पुरावा याच जिल्ह्यात आहे. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात भ्रमराचा दृष्टान्त येतो. कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा आशय. अर्जुनाच्या मोहासाठी ही उपमा योजली आहे, आणि अध्यात्माचा अर्थ सांगणारे तो सांगतातच. मला त्यात दिसतं ते निरीक्षण. कोरडं लाकूड पोखरून घर करणारी, फुलावर येणारी, काळीभोर, गुणगुणणारी माशी आपल्याकडे एकच आहे. शास्त्रात तिला झायलोकोपा म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही लाकूड कापणारी असाच आहे. आज तिला आपण भुंगा म्हणतो, आणि त्याच भुंग्याच्या नावाखाली शेणातला कवचधारी किडा, धान्यातला किडा आणि नारळ पोखरणारा किडाही घालतो. सातशे वर्षांपूर्वी जो शब्द घराच्या खुणेसह वापरला गेला, तो आज इतका सैल झाला आहे की भुंगा ही मधमाशीच आहे हे सांगितल्यावर बहुतेकांना पटत नाही. कारण उघड आहे. भुंग्याचा मध निघत नाही.

जगात मधमाश्यांच्या नोंदलेल्या जाती वीस हजारांहून अधिक आहेत. त्यांत मोठी मोहोळं बांधून मधाचा साठा करणाऱ्या एपिस कुळातल्या जाती दहा-अकराच्या पुढे जात नाहीत. पोयाच्या गटातल्या डंखहीन माश्या धरल्या तरी हा वाटा लहानच राहतो. उरलेल्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाही. एकच मादी घर शोधते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, दार लिंपते आणि पुढच्या खोलीला लागते. सावेडीतल्या एखाद्या बंगल्याच्या तुळशी वृंदावनापाशी ऑक्टोबरच्या सकाळी तासभर थांबलं तर अशा चार-पाच प्रकारच्या माश्या सहज दिसतात. पोटावर चमकदार निळे पट्टे असलेली, एका जागी न टेकता फुलामागून फूल चाळणारी अमेगिला. काटकीच्या गाभ्यात राहणारी, मुंगीएवढी, काळी-हिरवी झाक असलेली सेराटिना. जमिनीत बीळ करणाऱ्या, घामाला चिकटणाऱ्या बारीक माश्या. आणि पोटाखाली पिवळा परागाचा थर घेऊन येणारी पानकापी. या सगळ्यांना घरमालकाच्या लेखी एकच नाव असतं, माशी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो शेतकऱ्याकडून येतो म्हणून त्याचं वजन मोठं आहे. तो म्हणतो, मला परागीभवन हवं आहे, त्यासाठी पेट्या भाड्याने मिळतात, मग या शंभर नावांचं मी काय करू? पेट्यांतली माशी म्हणजे मेलिफेरा. ती मूळची युरोप-आफ्रिकेकडची. भारतात ती यशस्वीपणे रुजली १९६२ साली, तेव्हाच्या पंजाबातल्या नगरोटा इथे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली तीही त्याच वर्षी. मेलिफेराचा उपयोग खरा आहे. डाळिंबाच्या बागेत आणि कांद्याच्या बीजोत्पादनात पेट्या ठेवण्याला अर्थ आहे. पण प्रत्येक फुलाचं कुलूप वेगळं असतं. नगरच्या दुभत्या जनावरांना जो लसूणघास लागतो, त्याचं उदाहरण घ्या. चाऱ्यासाठी कापताना फुलाशी संबंध येत नाही, पण बियाण्यासाठी घास सोडला की प्रश्न उभा राहतो. त्याच्या फुलात केसर आणि स्त्रीकेसर ताणलेल्या कमानीसारखे पाकळीत दडपलेले असतात. माशीने पाकळी दाबली की ते सुटतात आणि तिच्या अंगावर आपटतात. मेलिफेराला हा फटका आवडत नाही. ती कडेने सोंड घालून मकरंद चोरायला शिकते आणि फूल बंदच राहतं. पानकापी मात्र फुलावर छातीने भिडते आणि ते उघडते. उत्तर अमेरिकेत घासाच्या बियाण्यासाठी याच गटातली मेगाकाइल रोटुंडेटा नावाची माशी मुद्दाम पाळतात. तिच्यासाठी छिद्रांच्या फळ्या करून शेतात ठेवतात. ती तिथली नव्हे, युरोप-आशियातून गेलेली. आपल्याकडे तिच्या बहिणी फुकट येतात आणि आपण त्यांना ओळखत नाही.

वांगी आणि टोमॅटोची गोष्ट याहून स्पष्ट आहे. वांग्याच्या फुलातला पराग सुटा पडलेला नसतो, मिठाच्या डबीतल्या मिठासारखा परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून तो हलवून काढावा लागतो. भुंगा किंवा अमेगिला फुलाला मिठी मारून पंख न उघडता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर खाली पडतो. जवळ उभं राहिलं तर उडतानाच्या गुणगुणीपेक्षा हा आवाज वेगळा, चढा आणि तुटक ऐकू येतो. मेलिफेराला, सातेरीला, आग्याला ही कला साधत नाही. फूल स्वतःच्या परागावरही थोडंफार फळतं, वाराही मदत करतो, त्यामुळे वांगं अजिबात लागणार नाही असं मी म्हणत नाही. पण वांग्याच्या शेतात मेलिफेराच्या पेट्या ठेवून फळधारणा वाढेल अशी आशा धरणं म्हणजे कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची. कांद्याचंही पाहावं. कांद्याच्या गोंड्यात प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणून कीटक लागतातच. पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं, आणि शेजारी दुसरा फुलोरा मिळाला की मेलिफेरा गोंडे सोडून तिकडे वळते. त्या वेळी गोंड्यांवर कोण टिकून राहतं हे पाहायचं असेल तर फुलोरी, आग्या, जमिनीतल्या बारीक माश्या आणि फुलमाश्या यांना वेगवेगळं मोजता आलं पाहिजे. ओळख नसेल तर मोजणी नाही, आणि मोजणी नसेल तर पेट्या आणून फरक पडला की नाही हे कळायला मार्ग नाही.

दुसरा आक्षेप असा की हे तज्ज्ञांचं काम आहे. बिंगहॅम यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसूचीत गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड १८९७ मध्ये लिहिला. त्यातल्या किल्ल्या वाचायला आजही सराव लागतो, आणि त्यात पुढे शेकडो दुरुस्त्या झाल्या. सामान्य माणसाने यात पडावं का? जातीपर्यंत जायचं असेल तर नाही, हे मी मान्य करतो. पोयाचंच पाहा, एकाच नावाखाली अनेक जाती दडलेल्या असल्याचं आता अभ्यासकांना दिसू लागलं आहे, आणि त्या वेगळ्या काढणं डोळ्यांचं काम नव्हे. पण गटापर्यंत पोहोचायला दोन-तीन खुणा पुरतात. आधी पंख. दोनच पंख, बटणासारख्या मोठ्या डोळ्यांमध्ये बारीक तोकड्या मिशा, म्हणजे ती साधी माशी, कितीही पिवळे पट्टे असोत. चार पंख, पण अंग गुळगुळीत, कंबर सुईसारखी आणि पाय लांब लोंबणारे, म्हणजे गांधीलमाशी किंवा मातीचं घर करणारी कुंभारीण. अंगावर लव आणि त्या लवेत पराग अडकलेला, म्हणजे मधमाशी. मग पराग कुठे आहे ते पाहावं. मागच्या पायावर ओला, चकचकीत, मकरंदाने मळलेला गोळा असेल तर ती मोहोळातली. त्याच पायावर कोरडी भुकटी केसांत माखलेली असेल तर बहुधा एकटी राहणारी, जमिनीतली किंवा भिंतीतली. आणि पाय रिकामे पण पोटाची खालची बाजू पिवळी असेल तर पानकापीच्या गटातली. एवढं कोणत्याही शाळेतल्या मुलाला एका सकाळीत शिकवता येतं, आणि तुळशीपुढे उभं राहून शिकवल्यावर ते विसरत नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. मोबाइलने फोटो काढला की नाव येतं, मग खटाटोप कशाला? फोटो उपयोगी आहेत, मीही वापरतो, पण फोटोत जे येत नाही त्यावरच कित्येकदा निर्णय अवलंबून असतो. सातेरी आणि मेलिफेरा यांच्यातला एक खात्रीचा फरक मागच्या पंखात आहे. सातेरीच्या मागच्या पंखात एका शिरेचं तोकडं टोक पुढे आलेलं असतं, मेलिफेराच्या पंखात ते नसतं. हे टोक मिलिमीटरभरही नसतं आणि बसलेल्या माशीचा मागचा पंख पुढच्याखाली झाकलेला असतो. उलट, पेटीपासून हातभर अंतरावर थांबून पाहणाऱ्याला हाच फरक कसल्याही उपकरणाशिवाय कळतो. दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालणाऱ्या माश्यांची तोंडं बाहेर असतील तर सातेरी, आत असतील तर मेलिफेरा. शिवाय काही भुंग्यांत मादी काळी आणि पाठीवर पिवळी, तर नर अंगभर सोनेरी-पिवळा. फोटोवरून ते दोन वेगळे कीटक वाटतात. एकाच बांबूत ये-जा करताना पाहिले तर शंका राहत नाही. ही अडचण नवी नाही. फॅब्रिशियस या डॅनिश अभ्यासकाने फुलोरीला १७८७ साली, सातेरी आणि आग्याला १७९३ साली शास्त्रीय नावं दिली. तो भारतात कधीच आला नाही. टाचणीला टोचलेल्या वाळक्या माश्यांवरून त्याने हे केलं. पुढे १७९८ साली सातेरीलाच त्याने दुसरं नाव दिलं आणि ते नंतर पहिल्यात मिसळावं लागलं. टाचणीवरच्या माशीला घर नसतं. म्हणून आमच्या संग्रहातल्या चिठ्ठीवर गाव आणि तारखेबरोबर ती कोणत्या फुलावर होती आणि घर सापडलं असेल तर ते कशात होतं, हे लिहिणं मला अत्यावश्यक वाटतं. चिठ्ठीवर नुसतं सावेडी असेल तर ती अर्धीच नोंद.

चुकीच्या ओळखीने होणारं नुकसान सावेडीसारख्या वाढत्या वस्तीत रोज होतं. गुलाबाच्या पानांना कडेने गोल, कंपासने काढल्यासारखे काप दिसले की अळी समजून औषध फवारलं जातं. पान कुरतडून जाळी करणारी अळी वेगळी. गोल कापलेल्या पानाची चकती पानकापीने आपल्या खोलीच्या अस्तरासाठी नेलेली असते, आणि गुलाबाचं त्यात काही बिघडत नाही. जुन्या गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या भिंती पडल्या आणि सिमेंट आलं, त्याबरोबर भिंतीत बिळं करणाऱ्या माश्यांची जागा गेली. अंगणाला फरशी बसली, जमिनीतल्यांची जागा गेली. हे नुकसान कुठे नोंदलं जात नाही, कारण ज्यांचं घर गेलं त्यांना नाव नाही. आग्याचं मोहोळ काढलं तर दुसऱ्या दिवशी चर्चा होते. भिंत पडली तर विटा मोजल्या जातात. मोहोळाच्या बाबतीतही ओळख नीट हवी. टाकीखाली नुसता माश्यांचा घोस असेल आणि आत पोळं नसेल, तर तो थवा वाटेत विसाव्याला थांबलेला असतो आणि बहुधा थोड्या दिवसांत आपोआप उठतो. धूर, दगड आणि फवारणीने मात्र तोच थवा सगळ्या गल्लीच्या अंगावर येतो.

घरावरून ओळख किती पुढे जाते आणि कुठे थांबते हे पाहायचं असेल तर बांबूच्या नळ्या हा सर्वांत स्वस्त मार्ग. पेनाएवढ्या जाडीच्या, एका बाजूने पेर असलेल्या नळ्यांची जुडी पूर्वेकडच्या भिंतीला, पावसापासून आडोशाला बांधली की पावसाळा ओसरता ओसरता त्या भरू लागतात. भरलेल्या नळीचं तोंड बंद होतं आणि त्या बुचावरून आतलं कोण ते वाचता येतं. हिरव्या-तपकिरी पानांच्या गोल चकत्या एकावर एक दाबलेल्या असतील तर पानकापी. पिवळसर डिंकाचं कठीण बूच असेल तर तिच्याच गटातली डिंक वापरणारी. नळीचं तोंड कुरतडून वाढवलेलं आणि खाली भुसा पडलेला असेल तर भुंग्याने ती बळकावली. मातीचं बूच असेल तर मात्र थांबावं लागतं. आत अळ्या साठवणारी गांधीलमाशीच्या कुळातली असू शकते आणि पराग साठवणारी, मातीने दार लिंपणारी मधमाशीही असू शकते. अशी नळी बाजूला काढून काचेच्या बरणीत ठेवायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं, नळी कुठे लावली आणि बूच कधी लागलं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि वाट पाहायची. मादी नराची अंडी बहुधा दाराजवळच्या खोल्यांत घालते, म्हणून आधी बाहेर येतो तो नर. त्याला घर बांधायचं नसतं, पराग वाहायचा नसतो, त्याच्या पायावर आणि पोटाखाली वाचण्यासारखं काही नसतं. बरणीच्या काचेवर तो पंख साफ करत बसतो, आणि त्याच्या मागच्या खोल्यांतून मादी बाहेर येईपर्यंत चिठ्ठीवरची नावाची जागा कोरी ठेवावी लागते.